सावळ्या कातडीचा भरवसा : त्वचेचा रंग, जनुकं आणि एका कर्करोगाचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आज आपण एका आजाराचा इतिहास पाहणार आहोत. जगातल्या गोऱ्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग कोणता, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण फुप्फुसाचं किंवा स्तनाचं नाव घेतील. प्रत्यक्षात तो आहे त्वचेचा एक कर्करोग. त्याचं नाव बेसल सेल कार्सिनोमा.

आता तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचा आजार तो, आपल्याला त्याचं काय? उन्हाची कुणी तक्रार केली की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आपली कातडी सावळी, उन्हाला सरावलेली. आपल्याला काही होत नाही.’ तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला नाहीतर बेळगावला, हे वाक्य तुमच्या ओळखीचं असणार. त्यात बरंच तथ्य आहे. पण ते कुठपर्यंत खरं आहे आणि कुठे अपुरं पडतं, हे नेमकं कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. आजची गोष्ट त्या दोनशे वर्षांची आहे.

आधी आजार काय ते समजून घेऊ. आपल्या त्वचेचा जो वरचा पापुद्रा आहे, त्यात पेशींचे थर असतात. सगळ्यात खालच्या ओळीतल्या पेशी सतत विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि शेवटी मळासारख्या झडून जातात. या तळच्या ओळीला बेसल थर म्हणतात. तिथल्यासारख्या पेशी बेलगाम वाढू लागल्या की होतो तो बेसल सेल कार्सिनोमा. तो फार सावकाश वाढतो. शरीरात दुसरीकडे पसरणं अगदी विरळ, त्यामुळे जीव सहसा जात नाही. पण आहे त्या जागी तो खोल खात जातो. पापणी, नाक, कान अशा ठिकाणी दुर्लक्ष झालं तर कूर्चा आणि हाडसुद्धा पोखरतो.

डब्लिन, १८२७

या आजाराची पहिली नीट नोंद आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात झाली. आर्थर जेकब हे तिथले डॉक्टर. डोळा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, डोळ्याच्या पडद्यातला एक थर पूर्वी त्यांच्या नावाने ओळखला जायचा. १८२७ साली त्यांनी पापण्यांवर आणि चेहऱ्यावर होणाऱ्या एका विचित्र व्रणाबद्दल लिहिलं. हा व्रण वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो, पण बगलेत, गळ्यात गाठी येत नाहीत आणि बाकी माणूस ठणठणीत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे इंग्रज डॉक्टरांनी त्याला कुरतडणारा व्रण असं नाव दिलं, उंदराने कुरतडावं तसा.

त्यानंतर पाऊण शतकाने बुडापेस्टमधले विकृतिशास्त्रज्ञ एडमंड क्रॉम्पेखर यांनी या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गाठीतल्या पेशी त्वचेच्या तळच्या ओळीतल्या पेशींसारख्या दिसतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९०३ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आजचं नाव त्यांच्या कामातून आलं.

या दोघांनीही रुग्णाच्या रंगाचा विचार केला नाही. करणार तरी कसे? डब्लिन काय किंवा बुडापेस्ट काय, समोर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस गोराच. रंगामुळे काही फरक पडतो का, हा प्रश्न पडायला वेगवेगळ्या रंगांची माणसं शेजारी शेजारी दिसावी लागतात.

खलाशी, द्राक्षमळे आणि उंदीर

रंगाआधी प्रश्न आला उन्हाचा. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं मोठं बंदर. तिथले त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांच्याकडे आयुष्य समुद्रावर काढलेले खलाशी यायचे. त्यांचे चेहरे आणि हात रापलेले, जाड झालेले, डागाळलेले. अशाच कातडीवर पुढे कर्करोग उद्भवतो, असं उन्ना यांनी १८९४ मध्ये मांडलं. थोड्याच वर्षांत फ्रान्समधल्या बोर्दोच्या डुब्रई यांनी तसंच निरीक्षण द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्यांबद्दल नोंदवलं. शहरात सावलीत काम करणाऱ्यांपेक्षा मळेकऱ्यांच्या उघड्या भागांवर हे कर्करोग जास्त दिसत होते.

पण निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. खलाशाला ऊन लागतं तसा वाराही लागतो, खारं पाणीही लागतं. दोषी कोण? १९२८ साली लंडनमध्ये जी. एम. फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून त्वचेचा कर्करोग घडवून दाखवला. १९३०च्या दशकात अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस इथे आंखेल रोफो यांनी पांढरे उंदीर खऱ्याखुऱ्या उन्हात ठेवले. ज्या भागांवर केस नसतात तिथे, विशेषतः कानांवर, गाठी आल्या. मग त्यांना आढळलं की उंदीर आणि ऊन यांच्यामध्ये खिडकीची काच आली की हा परिणाम होत नाही. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील किरणांतला सगळ्यात तिखट भाग अडतो. म्हणजे दोष उजेडाचाही नाही आणि उष्णतेचाही नाही, दोष त्या अदृश्य किरणांचा.

त्याच सुमारास रंगाचा प्रश्नही समोर येऊ लागला होता, कारण युरोपातली माणसं दुसऱ्यांच्या उन्हात राहायला गेली होती. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ढगाळ हवेतून निघालेल्यांचे वंशज ऑस्ट्रेलियात स्थिरावले आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक झालं. त्याच उन्हात हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ रहिवाशांत मात्र तो क्वचितच दिसायचा. सूर्य एकच, भूमी एकच, फरक कातडीच्या रंगाचा.

आपल्याकडचा उलटा नकाशा

आता भारतात येऊ. इथल्या नोंदी पाहिल्या की नकाशा उलटा झाल्यासारखा वाटतो. १८६६ साली काश्मीरमध्ये काम करणारे डॉक्टर एल्म्स्ली यांनी तिथल्या एका कर्करोगाची नोंद केली. हा कर्करोग होत होता पोटावर आणि मांड्यांवर. कारण होती कांगडी. हिवाळ्यात काश्मिरी माणूस फेरनच्या आत, पोटाशी धरतो ती निखाऱ्यांची वेताने विणलेली शेगडी. वर्षानुवर्षं त्या धगीने कातडी आधी जाळीदार काळपट व्हायची आणि काहींना पुढे तिथेच कर्करोग व्हायचा.

दुसरी नोंद मुंबईची. वसंत रामजी खानोलकर हे गोमंतकात जन्मलेले, भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी राहणीच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कर्करोग होता. कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षं जिथे घासतं, तिथली कातडी काळी आणि जाड होते, आणि क्वचित तिथे कर्करोग उद्भवतो.

हे दोन्ही कर्करोग बेसल सेलचे नव्हेत, बहुतेक त्याच्या चुलतभावाचे, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमाचे. पण जागा पाहा. युरोपात त्वचेचा कर्करोग कपाळावर, नाकावर, कानावर. आपल्याकडे प्रसिद्ध झालेली उदाहरणं पोटावर आणि कमरेवर, कपड्यांच्या आत, जिथे ऊन पोहोचतच नाही. त्वचेतला रंग उन्हाला अडवत होता, पण निखाऱ्याची धग आणि गाठीचा काच त्याला अडवता येत नव्हता. ऊन लागून चेहऱ्यावर होणारा कर्करोग हा गोऱ्यांचा आजार, हा समज पक्का व्हायला अशी उदाहरणं पुरेशी होती. आणि आकड्यांच्या हिशेबात तो समज चुकीचाही नव्हता. भारतीयांत हा आजार गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी आहे. प्रश्न फक्त ‘कमी’चं ‘नाहीच’ कधी झालं, हा आहे.

ढाल बनते कशी

त्वचेचा रंग येतो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. ते बनवणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात आणि त्यांची वस्ती त्याच तळच्या थरात असते. आपल्याला वाटतं, काळ्या माणसाच्या अंगात या पेशी जास्त असतील. तसं नाही. त्यांची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात यात आहे. मेलॅनिनच्या बारीक पुड्या मेलॅनोसाइट शेजारच्या पेशींना देतात आणि त्या पेशी या पुड्या आपल्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला छत्रीसारख्या धरतात. केंद्रकात डीएनए असतो. म्हणजे छत्री नेमकी जिथे हवी तिथेच उघडलेली असते. सावळ्या त्वचेत या पुड्या मोठ्या, सुट्या आणि भरपूर असतात.

मेलॅनिनही दोन जातींचं. तपकिरी-काळं ते युमेलॅनिन, किरण चांगलं अडवणारं. पिवळट-लालसर ते फिओमेलॅनिन, त्या कामात कच्चं. कोणतं बनवायचं हे ठरवण्यात एमसी१आर नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी दाखवलं की लाल केस आणि फिकट कातडी असलेल्यांत या जनुकाची बदललेली रूपं आढळतात. पुढे असंही दिसलं की ही रूपं असलेल्यांना बेसल सेल कार्सिनोमाचा धोका जास्त असतो, आणि तो धोका केवळ दिसणाऱ्या रंगावरून पूर्ण उलगडत नाही.

दुसरं जनुक आपल्या जास्त जवळचं. झेब्राफिश हा बोटाच्या पेरांएवढा पट्टेदार मासा मुळात भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याच्यात एक फिकट सोनेरी जात आहे. अमेरिकेत कीथ चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं कारण शोधलं तेव्हा एसएलसी२४ए५ हे जनुक सापडलं, आणि २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की युरोपीयांच्या गोरेपणातही याच जनुकाचा मोठा हात आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले आणि एस्टोनियातले संशोधक यांच्या एकत्रित अभ्यासातून कळलं की उजळ रंगाचं हेच रूप भारतातही पुष्कळ आहे आणि ते युरोपीयांतल्या रूपाशी एकाच पूर्वजाकडून आलेलं आहे.

एकाच घरात एक भाऊ गव्हाळ आणि दुसरा काळासावळा का असतो, याचं एक कारण इथे मिळतं. आणि ‘भारतीय कातडी’ म्हणून एकच ढाल सगळ्यांकडे सारखी वाटलेली नाही, हेही इथेच कळतं.

ही ढाल नसेल तर काय होतं, ते आफ्रिकेत दिसतं. तिथे काही मुलं जन्मतःच मेलॅनिन जवळजवळ न बनवणारी असतात. आईबाप, भावंडं काळी, गाव एक, ऊन एक. या मुलांना तरुण वयातच त्वचेचे कर्करोग होतात, भावंडांना होत नाहीत.

ढाल भेदून आत काय होतं

किरण आत पोहोचला तर तो नक्की करतो काय? १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये बॉइकर्स आणि बेरेंड्स यांना आढळलं की अतिनील किरणांमुळे डीएनएमधली थायमिन नावाची दोन शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. पुस्तकाच्या ओळीतली दोन अक्षरं ओल लागून एकमेकांत मिसळावीत, तसं. पेशी पुढे त्या ओळीची नक्कल करायला बसली की तिथे चूक होते. अशी चूक कायमची राहिली तर तिला आपण उत्परिवर्तन म्हणतो.

चूक दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते. ती किती मोलाची आहे, हे एका दुर्मीळ आजाराने शिकवलं. व्हिएन्नातले मोरिट्झ कापोसी यांनी १८७०च्या दशकात अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांची कातडी लहानपणीच कोरडी, ठिपकेदार होते आणि मग कर्करोग होऊ लागतात. त्याला झेरोडर्मा पिगमेंटोझम म्हणतात. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, जेम्स क्लीव्हर यांनी त्याचं कारण दाखवलं : या मुलांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करता येत नाही. हा आजार सगळ्या वंशांत आढळतो, सावळ्या मुलांतही. त्यांच्याकडे मेलॅनिन आहे, पण दुरुस्तीचं दुकान बंद आहे. आणि तेवढ्याने त्यांचं ऊन जीवघेणं होतं. तेव्हा संरक्षण म्हणजे एकटा रंग नव्हे. आधी किती किरण आत येतात आणि मग आत झालेलं नुकसान किती भरून निघतं, अशा दोन गोष्टी असतात.

१९९१ मध्ये अमेरिकेत डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या स्क्वेमस सेल कर्करोगांतलं पी५३ हे जनुक वाचलं. पेशीला आवर घालणारं हे जनुक. त्यात त्यांना एक खास खूण सापडली : सी-सी ही शेजारची अक्षरं बदलून टी-टी झालेली. अशी जोडीने बदललेली अक्षरं ही अतिनील किरणांची सही. लवकरच ती बेसल सेल कार्सिनोमातही सापडली. उन्ना यांनी खलाशांकडे पाहून जो अंदाज केला होता, त्यावर गाठीच्या आतच सूर्याची सही मिळाली.

माशी, मेंढ्या आणि एक दंतवैद्य

तरीही मुख्य जनुक सापडायचं होतं. त्याची गोष्ट तीन वेगळ्या ठिकाणी सुरू होते.

पहिलं ठिकाण अमेरिकेतलं आयडाहो. १९५०च्या दशकात तिथल्या मेंढपाळांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मताना दिसू लागली. सरकारी शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं शोध घेतला. गाभण मेंढ्यांनी ठरावीक दिवसांत डोंगरातली एक रानटी वनस्पती खाल्ली की असं होतं, हे निघालं. तिच्यातल्या द्रव्याला पुढे सायक्लोपामिन असं नाव मिळालं.

दुसरं ठिकाण मिनेसोटा. १९६० साली रॉबर्ट गॉर्लिन हे दंतशास्त्रातले तज्ज्ञ आणि रॉबर्ट गोल्ट्झ हे त्वचारोगतज्ज्ञ यांनी एक घराणेशाही आजार मांडला. या घराण्यांतल्या माणसांच्या जबड्यात पोकळ गाठी, बरगड्यांत दोष, आणि तरुण वयातच अंगावर अनेक बेसल सेल कार्सिनोमा.

तिसरं ठिकाण जर्मनीतलं हायडेलबर्ग. तिथे क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस फळांवरच्या माश्यांचे गर्भ तपासत होते. एका बिघडलेल्या गर्भाच्या अंगावर, जिथे तुळतुळीत पट्टे हवेत तिथेही बारीक काटे आले होते. त्यांनी त्या जनुकाला हेजहॉग म्हटलं. हेजहॉग म्हणजे साळिंदराचं धाकटं भावंड वाटावा असा काटेरी प्राणी. १९८० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि १९९५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या तीन गोष्टी १९९६ साली एकत्र आल्या. दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी त्याच वर्षी जाहीर केलं की गॉर्लिनच्या घराण्यांत जे जनुक बिघडलेलं असतं, ते माशीतल्या ‘पॅच्ड’ या जनुकाचं माणसातलं रूप आहे. पॅच्ड हा हेजहॉगच्या साखळीतला ब्रेक आहे. तो ‘स्मूदन्ड’ नावाच्या प्रथिनाला दाबून ठेवतो. हेजहॉगचा निरोप आला की ब्रेक सुटतो आणि पेशी विभागू लागते. गर्भात चेहरा, बोटं, डोळे घडताना हे लागतंच. सायक्लोपामिनने हीच साखळी अडते, म्हणून कोकराचे डोळे दोन होत नाहीत. आणि मोठेपणी तळच्या थरातल्या पेशीत ब्रेक कायमचा तुटला, तर बेसल सेल कार्सिनोमा.

गॉर्लिनच्या आजारात मूल जन्मतःच पॅच्डची एक प्रत बिघडलेली घेऊन येतं. दुसरी बिघडायला उन्हाचा थोडा मारा पुरतो. बाकीच्या माणसांत दोन्ही प्रती आयुष्यभरात बिघडाव्या लागतात, म्हणून आजार उतारवयात येतो. सर्वसाधारण रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हाही बहुतेकींत पॅच्ड बिघडलेला आणि काहींत स्मूदन्ड अडकून चालू राहिलेला मिळाला. या शोधावर आधारलेलं विस्मोडेजिब हे औषध २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झालं. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी ते वापरतात.

एकच बिघाड, दोन रंग

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. रंग आणि जनुक यांतलं नातं तपासायचं तर आदर्श प्रयोग कोणता? एकच जनुक बिघडलेली, पण वेगवेगळ्या रंगांची माणसं शेजारी ठेवायची. गॉर्लिनच्या आजाराने हा प्रयोग आपोआप करून ठेवला होता. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अशा १०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बेसल सेल कार्सिनोमा झालेला होता. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत हे प्रमाण ३८ टक्के होतं. दुसऱ्या गटात माणसं थोडी होती, हे ध्यानात ठेवायला हवं, पण चित्र बोलकं आहे.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. काळ्या कातडीने धोका निम्म्याहून कमी केला, ही ढालीची किंमत. पण तो शून्यावर आला नाही, ही तिची मर्यादा. ‘आपल्याला काही होत नाही’ या वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, दोन्ही या एका अभ्यासात आहेत.

ढालीची आणखी एक बाजू २०१५ मध्ये पुढे आली, तीही ब्रॅश यांच्याच प्रयोगशाळेतून. ऊन संपल्यावर, अंधारातसुद्धा, तीन तासांहून अधिक काळ मेलॅनिनच्या पेशींत डीएनएची अक्षरं चिकटत राहतात, आणि त्याला मेलॅनिनमधून निघणारी ऊर्जाच कारण ठरते. लालसर जातीचं मेलॅनिन यात जास्त दोषी. म्हणजे ढाल वार अडवते आणि थोडी तापतेही.

आजार ओळखण्यात रंगाची अडचण

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक पाठ्यपुस्तकांत बेसल सेल कार्सिनोमाचं वर्णन असं असतं : मोत्यासारखी चमकणारी, गुलाबी गाठ, वर बारीक लाल रक्तवाहिन्या. हे वर्णन गोऱ्या कातडीवरचं आहे. सावळ्या माणसांत निम्म्याहून अधिक गाठींमध्ये मेलॅनिन भरलेलं असतं. गोऱ्यांत अशा रंगीत गाठी फार थोड्या. कारण सरळ आहे. गाठ वाढते तेव्हा शेजारचे मेलॅनोसाइट तिच्यात अडकतात आणि आपलं काम चालूच ठेवतात. परिणामी आपल्या चेहऱ्यावरचा हा कर्करोग गुलाबी दिसत नाही, काळा किंवा निळसर-काळा दिसतो. थेट तिळासारखा, नाहीतर काळ्या चामखिळीसारखा.

आणि तिळाचं आपण काय करतो? कौतुक करतो, किंवा दुर्लक्ष करतो. चामखीळ असेल तर घोड्याचा केस बांधतो, चुना लावून जाळतो. जी ढाल आपलं रक्षण करते, तिचाच रंग अंगावर घेऊन आजार आपल्यासमोर येतो, आणि ओळखू येत नाही.

वैद्यकाची मोजपट्टीही बराच काळ तोकडी होती. त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये प्रकार पाडले, ते गोऱ्या कातडीचे चार. तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. या कर्करोगाच्या जनुकांचा बहुतेक अभ्यासही गोऱ्या रुग्णांच्या गाठींवरच झाला आहे. ज्यांना आजार जास्त, त्यांच्यावर आधी काम व्हावं हे समजण्यासारखं आहे. पण आपल्या गाठींत हीच जनुकं त्याच प्रमाणात बिघडतात का, हे आपल्याच रुग्णालयांत शोधावं लागेल. कांगडीचा आणि धोतराचा कर्करोग जगाला काश्मीर-मुंबईतूनच कळला होता.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? पन्नाशी-साठीच्या माणसाच्या नाकावर, पापणीवर, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा गालावर नवा काळा, चकचकीत तीळ आला, त्याची कड उचललेली वाटली, मध्ये खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त आलं, आणि महिना-दीड महिन्यात बरा झाला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. छोटासा तुकडा काढून तपासला की निदान होतं, आणि वेळेत कापून काढला तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. चुना आणि घोड्याचा केस बाजूला ठेवा. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी टोपी, पागोटं, पदर यांची सवय सोडू नये. आपल्या वाडवडिलांची कातडी आपल्याहून गोरी नव्हती, तरी ते डोकं झाकूनच उन्हात जात.

आज इथेच थांबू. घरात आजी-आजोबा असतील तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे तीळ एकदा उजेडात नीट पाहा.